आत्याची गरवणीची वही – वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत हे लिहावं का?

खाडीकाठची_भाची

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी आत्या गेल्या वर्षी कार्तिक वद्य दशमीला गेली, देवबागला, स्वतःच्या घरी. ऐंशी पार केली होती. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि चुलतभावाने तिच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका छापायला काढलीय, त्यात मला दोन पानं दिलीयत. बाकीच्यांचे लेख आले, मी वाचले. प्रेमळ, धार्मिक, लग्न न करता भावंडांसाठी झिजली, सगळ्यांच्या बाळंतपणाला धावून आली. यातलं खोटं एक अक्षर नाही, पण वाचून झाल्यावर मला त्यात आत्या दिसेचना. कारण कोणीही तिच्या गरीबद्दल, म्हणजे मासे पकडायच्या गळाबद्दल, एक ओळ लिहिलेली नाही.

ती नर्स होती. मालवणहून बोटीने मुंबईला गेली, त्या काळी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं न्यायचे, ती सांगायची की पडावात सगळ्या बायका डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या आणि ही वाकून पाण्यात बघत होती. भाऊच्या धक्क्याला उतरली ती तिथून पुढे मुंबई, मग कुवेत, तिथे १९९० पर्यंत. परत आल्यावर निवृत्त होईपर्यंत इथेच नोकरी केली आणि सुट्ट्यांत एकटी फिरली. कोची, रामेश्वरम, चिल्का, काश्मीर, श्रीलंका. आम्ही तिला घेऊन काशीला गेलो तर आम्ही घाटावर संकल्प सोडतोय आणि ही पलीकडच्या नाववाल्याला विचारतेय की जाळ्यात काय लागलं. रोहू, म्हणाला तो. तिचा चेहरा असा फुलला की आई म्हणाली हिला गंगा पावली.

आमचं घर मासे खाणारं, मारणारं नाही. तिला नाद कुठून लागला कोणालाच माहीत नाही. पण मला कळायला लागल्यापासून ती सुट्टीत आली की पहाटे कर्लीच्या खाडीकाठी बसलेली असायची, नऊवारी कधी नेसली नाही, साधी सुती साडी खोचून, डोक्याला टॉवेल, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, पाण्यात गेलेला. काठी तिने कधी वापरली नाही. बोटाने ऐकायचं, म्हणायची. त्या बोटाला पहिल्या पेराच्या खाली एक आडवी खाच पडली होती, गेली तेव्हा मी हात हातात घेतला होता तर ती खाच माझ्या अंगठ्याला लागली. ते मी कुठे लिहू?

आता प्रश्न. मोठे काका म्हणतात, बाईमाणूस जेटीवर गरी घेऊन बसायची हे छापून काय मिळवायचंय. मला हे पटत नाही, आपल्याकडे ओहोटीला तिसऱ्या काढायला, कालवं फोडायला बायकाच जातात, कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहतात, तेव्हा कोणाला काही वाटत नाही. मासळीबाजार तर बायकांवरच चालतो. मग गरीचंच काय एवढं? पण काका मोठे आहेत, त्यांचं मन मोडावं असंही वाटत नाही.

आणि दुसरं म्हणजे तिची वही माझ्याकडे आलीय. लांबट, कापडी पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक ओळीत काहीतरी असं आहे (सुंगट म्हणजे कोळंबी, आमिषाला; 'तां.' तांबोशी आणि 'का.' काळुंदर हे मासे, एवढं कळलं):

शु. ५ – ३॥। – सु. २ – सुंगट – तां. १, सो.

व. ७ – ५। – भां. – कणीक – का. ४

व. १० – ७॥ – सु. २ – सुंगट – तां. २

मला वाटलं ते दंड म्हणजे वजन आहे, पण मग चार काळुंदरांचं वजन सव्वापाच किलो कसं असेल? आणि कुवेतच्या पानांवर हे दंडवाले आकडे नाहीतच, तिथे नुसती घड्याळाची वेळ आणि 'जु.', 'हा.', 'मै.' असं काहीतरी आहे. मधे एक पान जवळजवळ कोरं आहे, त्यावर फक्त 'अम्मान. पाणी नाही.' एवढंच. अम्मानला ती मासे गरवायला कशी जाईल?

कोणाला वाचता येत असेल तर प्लीज सांगा. आणि लिहू की नको तेही.

जुने_मास्तर

ताई, ते वजन नाही. ती भरतीची वेळ आहे.

आमच्या वेळी शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घ्यायचे. उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. तेव्हा ३॥। म्हणजे पावणेचार आणि ५। म्हणजे सव्वापाच. तुमच्या पिढीने हे पाहिलेलंच नसणार, त्यात तुमची चूक नाही.

आता तिथीला पाऊणने गुणून बघा. पंचमी, पाच पाऊणे पावणेचार. सप्तमी, सात पाऊणे सव्वापाच. दशमी साडेसात. कोकणात जुनी माणसं भरती अशीच काढतात, तिथीची पाऊणपट केली की त्या वाजता पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, थोडंफार मागेपुढे होतं, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि आपण पंचेचाळीस धरतो, पण पंचांग हातात असलं की भरतीच्या तक्त्याशिवाय काम भागतं. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, दुसरीकडे किनाऱ्याची ठेवण बदलली की भरतीची वेळ बदलते, म्हणून परदेशात त्यांनी तो वापरला नसावा आणि सरळ घड्याळ लिहिलं. मला तर हे वाचून फार बरं वाटलं. शाळेतली पाऊणकी आयुष्यभर अशी कामाला लावलेली बाई मी तरी पाहिली नाही.

'भां.' म्हणजे भांग असणार, सप्तमी-अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो तो. 'सु.' सुकती, म्हणजे ओहोटी. बाकी माशांचं जाणकार सांगतील.

माहेर_वेंगुर्ला

तुमच्या आत्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. श्राद्धाची पुस्तिका ही घरातल्या सगळ्यांची असते, काकांची बहीण गेलीय, त्यांना ती जशी आठवते तशी त्यांना आठवू दे. कोणी ती त्या दिवशी पूजेच्या पाटावर ठेवेल, त्यात तांबोशी आणि गऱ्या आल्या की एखादा नाराज होणारच. तुम्ही आत्याचं वेगळं लिहा, सविस्तर लिहा, वहीचे फोटो काढून ठेवा, तुमच्या मुलांना द्या. सगळं एकाच ठिकाणी आलं पाहिजे असं नाही ना.

माझी आजी बंदराला लिलावात उभी राहायची, तिच्या तेराव्याला सुद्धा कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. आम्ही घरात काढतो. चालतं तेही.

सालमियाकर

'मै.' म्हणजे मैद, आपली बोय. 'जु.' जुबैदी, म्हणजे पापलेट, कुवेती लोकांचा जीव की प्राण. 'हा.' हामूर, आपला गोबरा. मी लहानपणी कुवेतला वाढलो, वडील तिथे नोकरीला होते, संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्याला दगडांवर ओळीने माणसं बसायची, इजिप्शियन, मल्याळी, आपले, सगळे गळ टाकून. जुबैदी गळाला सहसा लागत नाही, तो जाळ्याचा मासा, तेव्हा 'जु.' त्यांनी बाजारात घेतलेला असेल आणि नोंदला असेल. बघा, त्या ओळीत आमीष लिहिलंय का.

आता अम्मान. हे वाचून मी थोडा वेळ मोबाईल खाली ठेवला.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. नंतर आपल्या लोकांना बाहेर काढलं ते अम्मानमार्गे, बसने बसरा, बगदाद आणि मग जॉर्डनची हद्द, तिथून एअर इंडियाची विमानं मुंबईला. एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसं आणली ऑक्टोबरपर्यंत. पण विमानात बसायच्या आधी हद्दीवर वाळवंटात तंबूत राहावं लागलं. मी नऊ वर्षांचा होतो. तिथे पाणी नव्हतं ताई. टँकर यायचा आणि रांग लागायची, भर उन्हात, माझ्या आईने एका बाटलीत आम्हा दोघा भावंडांना दोन दिवस काढायला लावले. काही नर्स बायका होत्या त्या लहान मुलांना आधी पुढे घ्या म्हणून रांगेत भांडायच्या. तुमची आत्या त्यात होती का ते मला कसं माहीत असणार, नावं कोणी विचारत नव्हतं. पण 'पाणी नाही' हे गरवण्याबद्दल नाही. ते तसंच आहे, लिहिलंय तसं.

पुस्तिकेत दुसरं काही लिहा न लिहा, ही ओळ टाका.

खाडीकाठची_भाची

मी हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली की आत्या परत आली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी होती फक्त, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता खाडीवर जाऊन बसली, गरी न घेता. घरात सगळे रागावले, एवढ्या संकटातून आली, घरात चार लोक भेटायला आलेत आणि ही कुठे गेली. दुपारी परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली. कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तीस-बत्तीस वर्षं आम्हाला वाटत होतं तिला तेव्हा मासे आठवले.

जुबैदीच्या ओळीत आमीष नाहीये, बरोबर ओळखलंत. 'बाजार' असं लिहिलंय. मास्तर, तुमचे आभार कसे मानू, काल रात्री बसून पन्नास पानं तपासली, सगळी पाऊणकी जुळतेय. एका पानावर फक्त चुकलीय आणि तिथे तिने स्वतःच बाजूला लिहिलंय, 'ताप होता.'

काश्मीरचं पान पण सापडलं. पहलगाम, लिद्दर नदी. 'ट्राउट. परवाना घ्यावा लागतो, घेतला. पाणी इतकं थंड की बोटाला दोरी कळत नाही. दोन तास. काही नाही. छान.' तो मासा मूळचा तिथला नाही, सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी आणून सोडला, हेही तिने खाली लिहून ठेवलंय. आणि कोचीला चिनी जाळी बघितली ती, 'चीनवला. दगड बांधून तोललेलं. मी दोर ओढला, त्यांनी ओढू दिला.' ओढू दिला याखाली रेघ मारलीय.

भोगवेची

ताई, तुम्ही म्हणताय ती सिस्टर आत्याच ना, जेटीच्या टोकाला दगडावर बसायची, निळा डबा घेऊन? आम्ही पलीकडच्या काठाच्या, माझी मामी देवबागची, मे महिन्यात आम्ही मामीकडे यायचो. तो डबा बिस्किटाचा होता आणि त्यात गऱ्या कागदात गुंडाळून साइजप्रमाणे ठेवलेल्या असायच्या. आम्ही सहा-सात पोरं तिच्या मागे. मुलग्यांना ती गप्प बसवायची आणि मला पुढे घ्यायची.

गरी बांधायला मला तिनेच शिकवलं. तंगूस गरीच्या नाकातून ओवायचा, गरीच्या दांड्याभोवती सहा वेढे, सुटे नाही आणि एकावर एक चढलेले पण नाही, शेजारी शेजारी, मग टोक परत पहिल्या फासातून. आणि आवळायच्या आधी तोंडात घालून गाठ ओली करायची. मला घाण वाटायचं, मी तशीच आवळली आणि मासा लागल्यावर गाठीतच तुटलं. तेव्हा म्हणाली, कोरडी आवळलीस की तंगूस घासून तापतो आणि तिथेच कच्चा होतो. दुसऱ्यांदा सांगितलं नाही, सांगायला लागलंही नाही. आज मी पुण्यात आयटीत आहे, वर्षातून दोनदा खाडीवर जाते, आणि अजून गाठ तोंडात घालते. माझी मुलगी पण घालते, ती सहा वर्षांची आहे.

'सो.' म्हणजे सोडला. वितीपेक्षा लहान तांबोशी ती ठेवायची नाही. म्हणायची, खाडीतली ही माहेरची पोर आहे, मोठी झाली की बाहेर समुद्रात खडकात नांदायला जाईल, तिथे पिल्लं होतील, तिला आत्ताच खाल्लीस तर पुढे काय. ते अगदी खरं आहे म्हणे, तांबोशी लहानपणी कांदळवनात खाडीत वाढते आणि अंडी घालायला बाहेर जाते. तिने पुस्तकात वाचलं की बघून कळलं कोण जाणे.

प्लीज लिहा हो पुस्तिकेत. मला एक प्रत पाठवाल का?

रापणकर_मालवण

मी मालवणीत लिहिलं असतं पण सगळ्यांना कळायला हवं म्हणून असंच लिहितो.

आम्ही गाबीत, रापणीचे. सिस्टरबायला मी वीस वर्षं बघितलं. रापण म्हणजे होडीने जाळं अर्धगोल सोडत आणायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, जो ओढील त्याला वाटा. बाय फिरायला आली की दोराला हात लावायची. वाट्याला मूठभर पेडवे आले तरी ओंजळीत घेऊन घरी जायची, आम्ही म्हणायचो बाय बांगडे घ्या, तर नाही, जेवढं ओढलं तेवढंच. म्हातारे तांडेल तिला मान द्यायचे तो याच्यासाठी. शिवाय कोणाला गरी हातात घुसली, शिंगाळ्याचा काटा लागला तर रात्री अपरात्री बायच. शिंगाळ्याच्या काट्याला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून धरायचा हे आमच्या वाडीत तिने शिकवलं, त्याने कळ कमी होते.

भांडायची पण. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर यायला लागले की पोरं वहाळात काठ्या घेऊन उतरतात, तिथे ही छत्री घेऊन उभी. पोटात अंडी आहेत, आज खाशील आणि पुढच्या वर्षी काय खाशील, एवढंच. काही ऐकायचे, काही नाही. श्रावणात गरी बंद. तरी खाडीवर येऊन बसायची. मी एकदा विचारलं बाय, गरी नाय तर कित्याक बसलंस? तर म्हणाली, पाणी कोणाच्या बंदीत नाय रे.

एलईडी लावून मासे मारतात त्या बोटींविरुद्ध आमचे लोक बसले होते तेव्हा ती येऊन दिवसभर आमच्याबरोबर बसली, सत्तरी पार होती. बंदी २०१७ सालीच आली, कागदावर. रात्री क्षितिजाला उजेड दिसला की ती मला फोन करायची, बघतोस ना? मी बघून काय करणार होतो, पण बघत होतो.

काकांना माझा नमस्कार सांगा. त्यांना विचारा, त्यांच्या बहिणीने गरवून आणलेली तांबोशी त्यांनी किती वर्षं खाल्ली.

माहेर_वेंगुर्ला

रापणकर भाऊंचं वाचून माझं मत बदललं. लिहा ताई.

खाडीकाठची_भाची

काकांशी बोलले. मी काही वाद घातला नाही, नुसती वही पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटत बसले, मग एका पानावर थांबले. १९६८ ची नोंद. 'शु. ४ – ३ – सुंगट – का. ३. दादाला ताप, कालवण दिलं, जेवला.' दादा म्हणजे काका. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, कोकम जास्त झालं होतं त्या दिवशी. आणि वही परत देताना म्हणाले, दोन पानांत बसेल का तुझं? चार घे.

तर चार पानं मिळालीत. भोगवेची, प्रत नक्की पाठवते, मेसेजमध्ये पत्ता द्या. सालमियाकर, अम्मानची ओळ एका पानावर एकटीच छापतोय, तिच्याच अक्षरात.

आणि मास्तर, तुमच्या हिशोबाने एक गोष्ट लक्षात आली. तिची तिथी वद्य दशमी. दहा पाऊणे साडेसात. म्हणजे वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी साडेसातला पूर्ण भरती आणि मग सुकती लागणार, आणि वहीत तिच्या सगळ्यात जास्त तांबोश्या 'सु. २' लाच आहेत, सुकतीचा दुसरा तास. भटजी साडेदहाला येणार आहेत. मला गरी टाकता येत नाही, तिने दहा वेळा शिकवायला बघितलं आणि मी कंटाळा केला. पण तिचा निळा डबा माझ्याकडे आहे. कोणी जवळपास असाल तर जेटीवर याल का?

भोगवेची

मी येते. गाठ मी बांधून देईन. लेकीला पण आणते.

रापणकर_मालवण

सातला येवा. सुंगटा मी हाडतंय, जिती.